कोळशाची फुली

एर्मेलिंदाने चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि पडवीत जाऊन ओंडक्यांच्या तोंडांवर फुल्या मारत सुटली. वरची ओळ झाली, मग मधली. हात काळे झाले तसे तिने ते परकराला पुसले, शेजारच्या निबाल्दोच्या घराकडे एक नजर टाकली आणि पुटपुटली, "आता बघते तुला."

लाकडं कमी होत होती, यात शंकाच नव्हती. जानेवारीच्या उन्हाळ्यात रचलेली थप्पी तिच्या डोक्याच्या वर गेली होती. आता मे अर्धा सरला, दक्षिणेकडच्या या बेटावर जूनमध्ये लागणारा हिवाळा अजून यायचाच होता, आणि थप्पी खांद्याच्या खाली उतरलेली. सुकं लाकूड ऐन थंडीत बेटावर कुणी देत नाही. मिळतं ते ओलं, आणि त्याचा घरभर नुसता धूर. गेल्या हिवाळ्यात त्याच धुराने कुस्तोदियोची छाती भरली होती, आणि नवरा आज जातो की उद्या, असे दिवस तिने त्याच्या उशाशी बसून काढले होते. ते पुन्हा नको होतं. म्हणून यंदा तिने वरची खोली बंद केली, खिडक्यांच्या भेगांत चिंध्या कोंबल्या, दाराच्या फटीला वाळूची पिशवी लावली. सकाळची न्याहारी झाली की चूल विझू द्यायची, ती थेट संध्याकाळी पेटवायची, असा नियमच केला. एक काडी जास्त जळत नव्हती. मग लाकडं जातात कुठे?

जातात निबाल्दोकडे, आणखी कुठे! त्याच्या दारात यंदा लाकडाची गाडी आलीच नव्हती. तरी त्याची पोरं घरात बिनबाह्यांच्या बनियनवर हुंदडत होती.

"उगाच कुणावर आळ घेऊ नये, म्हातारे," कुस्तोदियो बटाटे सोलता सोलता म्हणाला.

"तुला काय, तुला सगळेच साधू दिसतात. थंडी वाजतेय का तुला?"

"मला? छे. नुसत्या शर्टावर तर बसलोय."

"मग बरं. नाहीतर तो खालच्या वाडीतला रेमिखियो, मेमध्येच चुलीला चिकटला. म्हणतातच ना, मेमध्ये चुलीला चिकटला, त्याने सप्टेंबरचं ऊन नाही बघितलं."

कुस्तोदियो हसला. बटाट्याचं साल मात्र जरा जाडच निघालं.

दोनतीन दिवसांनी तिने पडवीत डोकावून पाहिलं. फुल्यांची अख्खी वरची ओळ गायब. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "ओहोटी लागली, शेवाळ गोळा करायला जाते," असं नवऱ्याला सांगून ती रोजच्यासारखी बादली घेऊन निघाली, आणि किनाऱ्याला उतरायचं सोडून मागच्या वाटेने वर निबाल्दोच्या दारात जाऊन उभी राहिली.

"थोडं खमीर मिळेल का रे?"

"या ना मावशी, आत या. पसारा आहे, पण बसा."

आत खरोखरच पसारा होता. निबाल्दोने भिंतीच्या फळ्या काढल्या होत्या आणि मागच्या पोकळीत मळकी लोकर मुठीमुठीने कोंबत होता. घरात मेंढरांचा वास सुटला होता. एर्मेलिंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती चुलीजवळच्या पेटीपाशी गेली आणि तिने पायाच्या अंगठ्याने एक लाकूड उलटं केलं. मग दुसरं.

"काय शोधताय, मावशी?"

"खमीर."

"ते लाकडांत ठेवत नाही हो आम्ही."

पेटीत बारकी, मागच्या वर्षीची, करडी पडलेली लाकडं होती. फुली एकावरही नव्हती.

"एवढ्यात भागतं तुझं?" तिने विचारलं. आवाजातला काटा अजून गेला नव्हता.

"भागतंय खरं. यंदा लोकरीला कुणी विचारलं नाही. कुजवण्यापेक्षा म्हटलं, घरालाच स्वेटर घालावा. दोन भिंती झाल्या, ही तिसरी. सकाळी दोन लाकडं घातली की दुपारपर्यंत ऊब धरून ठेवतं."

तिचा विश्वास बसेना. मागच्या अंगणात कुठे लपवली असतील म्हणून ती खिडकीपाशी गेली. खिडकीतून उतारावरचं तिचं स्वतःचं घर दिसत होतं. आणि घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. पातळ, निळसर, चांगल्या सुक्या लाकडाचा.

या वेळेला ती रोज खाली किनाऱ्यावर, दरडीच्या आड असायची.

"आज लवकर पेटली वाटतं चूल," ती कशीबशी म्हणाली.

"आज कुठे? रोजच की. तुम्ही बादली घेऊन उतरलात की घटकाभरात धूर सुरू. आम्ही घरात म्हटलंसुद्धा, मावशी यंदा सढळ झाल्या."

ती दाराकडे निघाली. खमीर घ्यायचंही राहिलं.

"निबाल्दो," दारातून वळून ती म्हणाली, "तुझी ही लोकर उरेल का रे थोडी?"

"उरेल? पोतीच्या पोती आहेत. उद्या घेऊन येतो."

घराच्या फाटकाशी ती थांबली. बादली दगडावर आपटली, घसा खाकरला, कुत्र्याला विनाकारण दोन शिव्या घातल्या. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग खिडकी उघडल्याचा. तिने आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

कुस्तोदियो खिडकीशी बसला होता, नुसत्या शर्टावर. स्वेटर खाटेवर घाईघाईने टाकलेला.

"एवढ्यात आलीस?"

"भरती लवकर चढली."

"मी म्हटलं जरा हवा येऊ द्यावी. किती उकडतंय."

त्याची नखं निळी पडली होती. तिने खिडकी लावली, चिंध्या पुन्हा भेगांत कोंबल्या, स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला. मग पेटीतला ओंडका उचलून लोखंडी चुलीचं दार उघडलं. ओंडक्यावरची काळी फुली त्याच्याच बाजूला होती.

"अगं, अजून संध्याकाळ कुठे झालीय?"

"मला थंडी वाजतेय."

तो फुलीकडे बघत राहिला. "ही कसली खूण?"

"चोरासाठी केली होती."

त्याने खांद्यावरचा स्वेटर पुढे ओढून घेतला.

"मग?" त्याने हळूच विचारलं. "सापडला?"

तिने ओंडका आत सारला, दार लावलं, आणि त्याची खुर्ची धरून चुलीपाशी ओढली.

"सरक थोडा," ती म्हणाली. "मला पण बसू दे."