समोरचा कोनाडा

मोठ्या घराच्या फाटकाशी पोचेपर्यंतच माझे पाय गळून गेले होते. कडेवर माझी लेक खारू, शेजारी बाबा आणि त्यांचे कुरकुरणारे गुडघे, खांद्याला पिशवी. पिशवीत जास्तीचे कपडे, पाणी, टोपी, थर्मामीटर.

"जुनं घर बघायला थर्मामीटर?" बाबा म्हणाले. "भिंतींना ताप आलाय का?"

"असू दे हो. लागला तर?"

कुणा व्यापाऱ्यानं हौसेनं बांधलेलं हे घर आता तिकीट काढून बघतात. लहानपणी सुट्टी लागली की बाबा मला इथे आणायचे. मखमली पडद्यांचा पलंग आणि तसबिरींतली नाकं वर केलेली माणसं मला कंटाळवाणी वाटायची. मी बाबांना ओढत न्यायची ती घुमटाखालच्या गोल दालनात. तिथे भिंतीत समोरासमोर दोन कोनाडे आहेत. एकात तोंड घालून कुजबुजलं की पलीकडच्यात अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

"ऐकू येतंय का, आजीबाई?" बाबा विचारायचे. तेव्हाही मी कायम कसली ना कसली काळजी करत असायची, म्हणून आजीबाई.

"नाही!" मी भिंतीला सांगायची.

"मग उत्तर कोण देतंय?"

"दुसरी मुलगी!"

खारू अडीच वर्षांची झाली तरी अजून एक शब्द नाही. सासूबाई म्हणतात, "हिचा बापही उशिराच बोलला. आता त्याला गप्प करून दाखव." नवरा म्हणतो, मी डोक्यात खूळ घेऊन बसलेय. असेलही. मी तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवते, मुद्दाम ताटली पाडते. ती वळली तर वाटतं, फरशी हादरली असेल, माझी सावली दिसली असेल. नाही वळली तर वाटतं, खेळात दंग असेल. दिवसभर हेच चालतं, आणि रात्री अंथरुणावर पडले की दिवसभराच्या ताटल्या पुन्हा डोक्यात पडत राहतात. कानांच्या तपासणीची वेळ मीच दोनदा पुढे ढकलली होती. आता ती उद्यावर आली होती.

या कोनाड्यात सावली पडत नाही, फरशी हादरत नाही. मनाशी ठरवूनच आले होते : इथे वळली, तर उद्याचं रद्द.

दालन रिकामं होतं. दाराशी पहारेकरीण स्टुलावर बसून डुलक्या घेत होती. कोनाड्याच्या कडेला दगडात द्राक्षांचा वेल कोरलाय. खारू तिथेच थांबली आणि एकेका द्राक्षात बोट घालायला लागली. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. बाबा तिच्याजवळ वाकून उभे राहिले.

मी दालन ओलांडून गेले, कोनाड्यात तोंड घातलं आणि हळूच म्हणाले, "खारू."

मागे वळून पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते. खारू द्राक्षं मोजल्यासारखी बोट फिरवत होती.

"खारू, आई इथे आहे."

बाबांनी मान खाली घातली.

मी परत त्यांच्यापाशी आले, तेव्हा ते घसा खाकरत म्हणाले, "तू तरी कुठे वळायचीस पहिल्या हाकेला?"

"मी उत्तर द्यायची, बाबा."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, उगाच चष्मा पुसला.

खारूनं वर बघितलं. मला बोटाला धरून दालन ओलांडून पलीकडच्या कोनाड्यापाशी नेलं, तिथे ढकलून उभं केलं. म्हणजे मघाशी मी कोनाड्यातून तोंड काढून परत आले, ते तरी तिनं पाहिलं होतं. मग धावत आपल्या द्राक्षांपाशी गेली, टाचा उंचावल्या, भिंतीला तोंड लावलं. मी कोनाड्याला कान लावला आणि तिच्याकडे बघत राहिले. तिचे ओठ भराभर हलत होते. भुवया वर जात होत्या, एक हात कमरेवर, मी फोनवर बोलताना माझा असतो तसा. चांगलं लांबलचक काहीतरी सांगत होती.

कानात काहीच आलं नाही. पहारेकरणीचं स्टूल तेवढं करकरलं.

बोलणं असं दिसतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

संपल्यावर ती गर्रकन वळली. ऐकलंस का, असा चेहरा. मी जोरजोरात मान डोलावली. ती खिदळली आणि पुन्हा भिंतीला चिकटली.

बाबा मधल्या बाकावर टेकले. "उद्या किती वाजता?"

त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं; नवऱ्यानं कळवलं असणार.

"सकाळी दहाला."

"मी येतो. हिला मांडीवर धरायला कुणीतरी लागेल." मग जरा थांबून, "तो थर्मामीटर घे बरोबर. तुझ्या बापाला लागेल."

मला हसू आलं आणि पाठोपाठ नाकात पाणी आलं. कुठेतरी बसावं, निदान पिशवी तरी खाली ठेवावी, असं वाटत होतं. पण पलीकडून खारू हातवारे करत होती, माझा कान भिंतीपासून सुटला म्हणून रागावली होती.

मी पुन्हा कान लावून उभी राहिले.