गॉथेनबर्गमधल्या टाळ्या

अरुणकाकांची तक्रार रुचाला आधी नीट कळलीच नाही. ॲन आर्बरच्या क्लिनिकमध्ये ती लोकांना हिअरिंग एड बसवून द्यायची, आणि बहुतेकांचं रडगाणं एकच असायचं, गोंगाटात बोलणं कळत नाही. काका म्हणाले होते, "बोलणं छान कळतं गं. गोंगाटच ऐकू येत नाही."

म्हणून शनिवारी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी आली.

रेकॉर्ड प्लेअरशेजारी दोन तबकड्यांचा एक अल्बम होता, कव्हरवरचा लाल रंग विटलेला. अमेरिकेत येण्याआधी, तरुणपणी, काका स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या एका हॉस्पिटलात वर्षभर नोकरीला होते. तिथे डाव्या चळवळीतले गाणारे गट एका हॉलमध्ये जमले, कार्यक्रमाचं तिथल्या तिथे रेकॉर्डिंग झालं, आणि त्यातल्या निवडक गाण्यांचा हा अल्बम निघाला. श्रोत्यांमध्ये काका होते.

"आयुष्यभर बँकवाल्यांबरोबर गोल्फ खेळले," रेखाकाकू चहा ठेवत म्हणाल्या, "आणि गाणी संपावरच्या गोदी कामगारांची."

"गोल्फमध्ये कायम हरलो की. कामगारांशी तेवढी निष्ठा राखली."

"आज जमलं नाही तर हा अल्बम लायब्ररीला देऊन टाकतायत, रुचा. सोमवारी न्यायला येणारेत. नाहीतर रोज लावायचं, ऐकू येत नाही म्हणून तोंड पाडून बसायचं."

रुचाने सुई ठेवली. बासरी सुरापेक्षा जरा चढलेली होती, ड्रमवाला घाईत होता. गाणाऱ्या बाईचा आवाज शिकलेला नव्हता, पण ती काय म्हणते आहे ते आपल्यालाच सांगते आहे असं वाटत होतं. मध्येच खुर्ची सरकली, कुणाचं तरी बाळ रडलं. रेकॉर्डिंगमधून कुणी काही कापलेलं नव्हतं. आवाजातून गोंगाट वेगळा काढण्यात रुचाचा सगळा दिवस जायचा. इथे तो वेगळा काढला तर मागे फारसं उरलंच नसतं.

मग गाणाऱ्या बाईचा माइक बंद पडला. क्षणभर काहीच नाही, आणि सगळ्या हॉलने टाळ्यांच्या ठेक्यावर गाणं उचललं. रुचाने सुई मागे नेऊन तेवढं पुन्हा ऐकलं.

"मला इथे शांतता ऐकू येते," काका म्हणाले. "तेव्हा माझ्या शेजारी शिलाई कारखान्यातली एक बाई होती. मला शब्द कुठले येणार? ती प्रत्येक ओळ आधी कानात सांगायची, मग मी गायचो. मीही आहे त्यात."

रुचाच्या लक्षात आलं. पुष्कळ माणसांचा एकत्र आवाज आला की काकांच्या कानातलं यंत्र त्याला गोंगाट समजून दाबत होतं, आणि ते तसं तिनेच मोठ्या हौसेने लावून दिलं होतं. तिने लॅपटॉपवरून ते सेटिंग बंद केलं.

"गातायत," काका हळूच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "टाळ्या नाहीत."

टाळीचा कडकपणा वरच्या पट्टीतला, आणि काकांचे कान तिथे पार गेलेले. आवाज वाढवून उपयोग नव्हता. एकच उपाय होता, तो भाग खाली, त्यांना ऐकू येईल अशा पट्टीत आणायचा. रुचाला तो फारसा आवडत नसे.

"टाळी टाळीसारखी वाटणार नाही, काका. एका अर्थी खोटंच आहे ते."

"लाव."

तिने लॅपटॉपवर बदल केला आणि सुई पुन्हा ठेवली.

"पाय आपटल्यासारखं वाटतंय," काका म्हणाले.

"कमी करू थोडं?"

"थांब जरा."

दुसऱ्या कडव्यात हॉलचा ठेका ड्रमच्या पुढे पळाला, अडखळला, परत जागेवर आला. काकांचा हात गुडघ्यावर पडत होता. तो ड्रमबरोबर नव्हता. लोकांबरोबर पळाला, लोकांबरोबर अडखळला. रुचाने पुढच्या चाचण्या घेतल्याच नाहीत. तिने लॅपटॉप मिटला आणि गाणं संपेपर्यंत ऐकत बसली.

"रेखा, सोमवारी येऊ नका म्हणून लायब्ररीला फोन कर."

"तुम्हीच करा," काकू म्हणाल्या. "आता येतंय ना ऐकू?"