खटक्याची स्प्रिंग

गाडीच्या मागे लांबलचक शेपटी लावून जिल्हाभर हिंडणारा सासरा ज्या सुनेच्या नशिबी येतो, तिला दोन गोष्टी याव्याच लागतात: गाडी हाकणं आणि लोकांना उत्तरं देणं. मोहिनी दोन्हीत पटाईत झाली होती.

शेपटी म्हणजे अँटेना. सासरे अण्णाजी वर्ध्याच्या तार ऑफिसातून रिटायर झाले, पुढे तारही बंद पडली, पण अण्णाजी काही बंद पडले नाहीत. हॅम रेडिओचं लायसन काढलं आणि घरबसल्या दुनियेशी गप्पा मारत बसले. दर डिसेंबरात या नादिष्ट मंडळींची स्पर्धा असते. रेडिओ गाडीत टाकायचा, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात जायचं आणि तिथून कुणाशी तरी संपर्क करायचा. ज्याच्या नावावर लायसन, त्यानंच करायचा. संध्याकाळी सहाला खेळ खलास.

वर्ध्याचे तालुके आठ. अण्णाजींचं गाडं दोनदा सातावर अडलं होतं. एकदा टायर फुटलं, आणि एकदा सेलूत ओळखीच्या घरी चहाला म्हणून बसले ते उठेचनात. साताऱ्याच्या सदाशिवरावांनी मात्र आपले अकराही तालुके पहिल्या झटक्यात मारले होते. हे सदाशिवराव म्हणजे रेडिओवरचे जुने दोस्त. तोंड एकदाही पाहिलेलं नाही, पण भांडण रोजचं.

"आमचे अकरा झाले की हो अण्णा! तुमचे आठ अजून होत नाहीत?" असं ते दर रविवारी विचारत, आणि अण्णाजींना दर रविवारी जेवण कडू लागे.

"यंदा त्याले दाखवतोच," असं म्हणून अण्णाजी पहाटेच गाडीत येऊन बसले होते.

समुद्रपूर झालं, हिंगणघाट झालं. देवळी तालुक्यात मोहिनीनं पुलगावची वाट साफ नाकारली. "मामाजी, तिथं दारूगोळ्याचं कोठार, अन् आपल्या गाडीले हे असं शेपूट! तुमची स्पर्धा ठाण्यात बसून पुरी करायची हाय का?" ते काम देवळीतच उरकलं. सेवाग्रामच्या दवाखान्यावरून जाताना तिनं ओढणी डोक्यावर घेतली. ती तिथल्या लॅबमध्ये कामाला होती, आणि आज घरी पाहुणे आहेत असं सांगून सुट्टी काढली होती.

वर्धा झालं, सेलूही चहाला न थांबता झालं. आर्वीत तर जत्राच भरली. गाडी बाजार समितीजवळ उभी केली, अण्णाजींनी माईक हातात घेतला आणि कापसाच्या गाड्या घेऊन आलेले लोक भोवती जमले.

"भाव सांगून राह्यले का जी?" एकानं विचारलं.

"नाई भाऊ," मोहिनी म्हणाली.

"मंग माईक काऊन? अन् भोंगा कुठं हाय?" दुसरा पुढे सरकला. "जाऊ द्या. माही म्हैस कालपासून सापडून नाई राह्यली. तेवढा पुकारा करून द्या ना."

अण्णाजींना नाही म्हणवलं नाही. आर्वी तालुक्याचा संपर्क झाला आणि त्याच दमात त्यांनी साताऱ्याला सांगून टाकलं की एक म्हैस हरवली आहे, डावं शिंग वाकडं आहे. रेडिओतून सदाशिवरावांचा आवाज आला, "साताऱ्यात दिसली तर कळवतो!" म्हशीचा मालक एवढा खूश झाला की त्यानं चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

"मले अर्धाच," अण्णाजी टपरीवाल्याला म्हणाले.

मोहिनीनं दुसरीकडे पाहिलं. घरीही सासूबाई कोकिळाबाई त्यांना अर्धाच कप द्यायच्या, पुन्हा अर्धा द्यायच्या. भरलेला कप त्यांच्या हातात डुचमळायचा. गेली दोन वर्षं हात थरथरत होता आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मोर्सचा खटकाही तेव्हाच कपाटात गेला. तार ऑफिसात सारा जन्म त्या खटक्यावर टिकटिक करण्यात गेलेला माणूस, पण सदाशिवरावांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "स्प्रिंग गेली बा त्याची." योगायोग असा की त्याच सुमारास सदाशिवरावांच्या खटक्याची वायर उंदरानं खाल्ली. तेव्हापासून दोघं तोंडानंच भांडत.

कारंजा तालुका झाल्यावर मोहिनीनं भाकरी काढायला पिशवी उघडली, तर खाली बिस्किटाचा डबा. डब्यात पाटीवर बसवलेला पितळी खटका, चकचकीत पुसलेला.

"हे कोणं ठेवलं?"

"तुह्या सासूनं. दुसरं कोण ठेवते?" अण्णाजींनी झाकण लावून टाकलं. "भाकर दे."

राहिला एकटा आष्टी तालुका. तळेगाव मागे टाकून मोहिनीनं संत्र्याच्या एका बागेजवळ गाडी लावली, तेव्हा उन्हं पार उतरली होती. पण रेडिओत नुसती खरखर. अण्णाजी ओरडून ओरडून घसा बसवत होते. मध्येच सदाशिवरावांचा आवाज आल्यासारखा वाटायचा, "...अण्णा... कळत ना..." आणि पुन्हा बुडायचा. दुसरं कुणी तर कानावर पडतच नव्हतं.

सहाला थोडा वेळ उरला असताना अण्णाजींनी माईक खाली ठेवला.

"चाल बाई. सातच लिहिले आपल्या नशिबात."

मोहिनीचा जीव तुटला. दिवसभर लहान पोरासारखा खिदळणारा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. तिनं डबा उघडून खटका त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बोलणं पोचत नाई तिथं टिकटिक पोचते. तुम्हीच सांगतलं होतं मले."

"त्याची स्प्रिंग—"

"स्प्रिंग ठणठणीत हाय, मामाजी."

अण्णाजी भडकले. "तुले काय समजते? आवाजावरून वळखते तसं माणसाले हातावरून वळखते याच्यात! सदाशिव म्हणायचा, अण्णा, तुमचा हात म्हणजे मोत्याची माळ. अन् आता त्याले हे ऐकवू?" त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो हलत होता. "लाज वाटते, मोहिनी. मले लय लाज वाटते."

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिनं तसाच ठेवला. "मंग सातवर थांबा. पुढच्या रविवारी तो अकरा-अकरा करन, ते ऐकत बसा."

"लय जहर हायेस तू," अण्णाजी म्हणाले आणि त्यांनी वायर जोडली.

पाटी मांडीवर ठरेना, म्हणून मोहिनीनं ती दोन्ही हातांनी दाबून धरली. अण्णाजींच्या हाताला तिनं हात लावला नाही. टिकटिक सुरू झाली. ऐकवत नव्हती. एका टिंबाच्या जागी दोन पडत होती, रेघ मध्येच तुटत होती. चुकलं की अण्णाजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मोहिनीनं हा टिकटिकाट अण्णाजींकडूनच, रात्रीच्या जेवणाच्या ताटावर चमचा वाजवत शिकलेला होता, तरी तिलाही नीट लागेना. शेवटी त्यांनी हात उचलला आणि दोघं खरखर ऐकत बसले.

मग खरखरीच्या तळातून बारीक टिकटिक आली. अडखळत, टिंबं सांडत, रेघा तोडत.

"आपलंच परत ऐकू येऊन राह्यलं का?" मोहिनीनं विचारलं.

"चूप!" अण्णाजी रेडिओवर वाकले. इकडून पाठवलेले आकडे जुळले, तालुका जुळला. आठवा झाला होता, तोही सहाच्या आत. पण अण्णाजींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अरे बाप्पा," ते हळूच म्हणाले. "हा सदाशिव हाय. मोहिनी, याचाई हात थरथरते!"

पलीकडची टिकटिक थांबली नव्हती. एकेक अक्षर पडत होतं आणि अण्णाजी मोठ्यानं वाचत होते. "तुमची... स्प्रिंग... मिळाली... का."

अण्णाजी हसायला लागले. हसता हसता डोळे गळायला लागले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. खटका ओढून घेतला आणि कितीतरी वेळ घेऊन, चुकत चुकत उत्तर पाठवलं: उंदीर सापडला का?

त्यानंतर काय काय बोलणं झालं ते मोहिनीनं ऐकलं नाही. दोन वर्षांचं साचलेलं होतं दोघांचं. ती खाली उतरून बागेच्या कडेला उभी राहिली. सहा केव्हाच वाजून गेले, स्पर्धा संपली, तरी गाडीतली टिकटिक चालूच होती.

परतताना तळेगावच्या टपरीवर गाडी थांबली. पोऱ्यानं विचारलं, "किती जी?"

मोहिनी सवयीनं म्हणाली, "एक फुल्ल, एक अर्धा."

"अर्धा काऊन?" अण्णाजी मागून म्हणाले. "दोन्ही भरून आण."

चहा आला. अर्धा शर्टावर सांडला, बाकीचा ते फुर्र फुर्र करत प्याले.