राणीसरकारांचा बाक

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात, दाबयंत्राच्या मागे, एक लाकडी बाक होता. लांबीला एका माणसापुरता, रुंदीला त्याच माणसाने कूस बदलली तर खाली पडेल एवढा. त्यावर दर दीड तासाने वीस मिनिटं एक बाई आडवी व्हायची, डोळ्यांवर कापडाची पट्टी टाकून. उरलेला वेळ ती खिडकीपाशी बसून पुस्तकं शिवायची. ह्या बाकामुळे कारखान्यातल्यांनी तिचं नाव राणीसरकार ठेवलं. होता टोमणाच. पण पहिल्याच दिवशी तिने "बोला प्रजाजन, काय गाऱ्हाणं आहे?" असं विचारलं आणि टोमण्यातली हवा गेली. नाव मात्र राहिलं.

हात तिचा सोन्याचा होता. छापील कागदांच्या घड्या घालून फर्मे व्हायचे, ते एकावर एक ठेवून ती सुई-दोऱ्याने कण्याला शिवायची. दोरा मेणातून ओढायचा, ताण असा धरायचा की पुस्तक उघडताना कुरकुरू नये आणि मिटल्यावर जांभई देऊ नये. वाचनालयाची जुनी, पानं निखळलेली पुस्तकं तर खास तिच्यासाठी यायची. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते सांगायचे, "बाईंनी शिवलेलं पुस्तक फाडायचं तर आधी वाचावं लागेल." ह्याचा अर्थ कुणालाच लागत नसे, पण कौतुक आहे एवढं कळायचं.

तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला होता. ताप आठवड्यात गेला, पण जाताना अंगातला जीव बरोबर घेऊन गेला. आंघोळ केली की केस विंचरायला हात वर होईना. जिना चढायला लागली की मध्येच पायरीवर बसावं लागे. आणि एखादा दिवस कामाच्या नादात ओढून काढला, तर त्या दिवशी काहीच व्हायचं नाही. दणका बसायचा तिसऱ्या दिवशी, घरात, जिथे बघायला नवऱ्याशिवाय कुणी नसायचं.

पहिला डॉक्टर म्हणाला, हवापालट करा. दुसरा म्हणाला, मन रमवा. तिने सांगितलं, मन रमलेलंच आहे, अंग रमत नाहीये. त्यावर त्याने झोपेची गोळी लिहून दिली. झोपेची कमी नव्हती, झोपून उठल्यावरच ती जास्त दमलेली असायची. तिसरी डॉक्टरीण होती, तिने पाऊण तास ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे जुनाट थकवा. राणीसरकारांना रडू आलं. आधी सुटकेने, मग त्या नावाच्या फुसकेपणाने. एवढा दांडगा आजार आणि नाव असं, की ऐकणारी प्रत्येक बाई म्हणे, "अगं, ते तर मलाही आहे!" ज्यांना ज्यांना ते होतं, त्या सगळ्या संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून झपाझप येताना दिसायच्या.

डॉक्टरणीने एकच गोष्ट बजावली होती. थकायच्या आधी थांबायचं. थकल्यावर थांबणं म्हणजे भिंतीवर आदळल्यावर ब्रेक दाबणं. काकांनी हे ऐकलं आणि कुणाला न विचारता दाबयंत्रामागे बाक आणून टाकला. तो बाक होता म्हणून चार तासांची नोकरी होती. बाक गेला तर घरची खाट आणि छतावरचा तडा. तिसरं काही नव्हतं.

पोटाचं दुखणं वेगळंच. त्यासाठी तपासण्या झाल्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी ग्लूटेन बंद केलं. म्हणजे गहू बंद, मैदा बंद, जव बंद. महिन्याभरात पोट शांत झालं. थकवा जिथल्या तिथे. दोन भांडकुदळ शेजारी, एक गप्प बसला म्हणून दुसरा थोडाच बसतो?

हे तिच्या नणंदेला पटेना. नणंद वयाने तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी, अंगाने दुप्पट आणि आवाजाने चौपट. मोबाइलवर कुणा बाईची चित्रफीत बघून तिने निदान करून टाकलं होतं.

"वहिनी, सगळा खेळ गव्हाचा. तो एकदा रक्तातून गेला ना, की तू पळायला लागशील."

"मला पळायचं नाहीये गं. मला केस विंचरायचे आहेत."

"विंचरशील की! पळत पळत विंचरशील."

आणि ती बिनगव्हाचा पाव भाजून आणायची. पाव म्हणायचा म्हणून पाव. कापायला घ्यावा तर भुगा, चावायला घ्यावा तर ओली वाळू, आणि एकदा गिळला की न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा पोटात ठाण मांडून बसायचा. दुकानातली बिनग्लूटेनची बिस्किटं ह्याहून बरी, निदान पुठ्ठ्यासारखी लागायची. हे राणीसरकार अधिकाराने सांगू शकत. पुठ्ठ्याची धूळ त्या रोज खात होत्या. पण नणंद चांगली पहाटे उठून पीठ भिजवते हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या एक घास तिच्यासमोर खायच्या, आणि बाकीचा पाव घरी बाल्कनीत जायचा. पाखरंही आधी एकमेकांकडे बघायची.

त्या वर्षी काकांचे गुडघे गेले आणि कारखाना बघायला त्यांचा जावई आला. जावई म्हणजे इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि "मोकळी जागा म्हणजे झोपलेली जागा" अशी वाक्यं. त्याला प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवायचं यंत्र आणायचं होतं आणि ते बरोबर बाकाच्या जागेवर बसत होतं. पण आजारी बाईला उठवायचं कसं? माणूस अगदीच वाईट नव्हता. त्याला वाईट दिसायचं नव्हतं, एवढंच.

त्याची अडचण नणंदेने सोडवली. एका दुपारी ती पाव घेऊन थेट कारखान्यात आली. तिथे शेगडीवर पातेल्यात खळ रटरटत होती. कागद चिकटवायची ही खळ मैद्याची. पाण्यात कालवून, गुठळी होऊ न देता, काचेसारखी दिसेपर्यंत ढवळायची.

"हे काय शिजतंय?" नणंदेने विचारलं.

"खळ. मैद्याची," कुणीतरी म्हणालं.

नणंदेने किंकाळी फोडली. दाबयंत्र चालवणारा हात थांबला.

"मैदा! अगं वहिनी, दिवसभर तू मैद्याच्या शेजारी बसतेस! तरी म्हटलं, गहू सोडला तरी ही उठत का नाही!"

"मी खळ लावते गं," राणीसरकार म्हणाल्या, "खात नाही. काम झालं की हात धुते."

"वाफ! वाफ जाते ना नाकात!"

जावई तीन पेनांनिशी पुढे आला. त्याचा चेहरा बक्षीस लागल्यासारखा. "म्हणजे ताई, ह्यांचा आजार गव्हाचा आहे?"

"मग कसला?" नणंद म्हणाली. "गव्हाचाच!"

"बघा, मला कुणी सांगितलंच नाही." त्याने पातेलं उचलायला लावलं. "उद्यापासून खळ बंद. डब्यातला पांढरा गोंद आणू. मावशी, तुमच्या तब्येतीपुढे आम्हाला काही नाही. आणि गहूच गेला म्हटल्यावर थकवा गेला. मग तो बाकही काढून टाकू, काय?"

राणीसरकार हातातला दोरा मेणातून ओढत राहिल्या. "जावईबापू, गहू पोटाचा. बाक थकव्याचा. दोन खाती वेगळी आहेत."

"पण ताई तर म्हणतात..."

"ताई मोबाइल बघते. तुम्ही डॉक्टरणीची चिठ्ठी बघा, तुमच्याच टेबलाच्या खणात आहे."

चिठ्ठी कोण बघतो? जावयाने समंजस तोडगा काढला, आणि समंजस लोकांचे तोडगे फार घातक असतात. सोमवारी एक दिवस राणीसरकारांनी बाकाशिवाय काम करून बघायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पूर्ण दिवस. जमलं तर बाक गेला, नाही जमलं तर बघू. काकांना फोन लावला, ते म्हणाले, "एकच दिवस ना? बाईंना विचारा."

इथे राणीसरकारांनी नको तेच केलं. नाही म्हणायचं सोडून त्या म्हणाल्या, "एक काय, करून दाखवते." तीन वर्षं ऐकलेलं सगळं त्या क्षणी डोक्यात चढलं होतं. राग हा फार खोटारडा डॉक्टर आहे, तो पाच मिनिटांत बरं करतो.

शनिवार-रविवार त्या खाटेवरून उठल्या नाहीत. नवरा शेजारी बसून वर्तमानपत्र हळूच उलटत होता, पानांचा आवाज होऊ नये म्हणून. एकदाच म्हणाला, "कुणाला दाखवायचंय गं?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सोमवारी त्यांनी चाळीस वह्यांचे कणे शिवले. दुपारी उकडलेला बटाटा आणि अंडं बसल्या जागी खाल्लं. चार वाजता वह्यांवरच्या रेघा डोळ्यांपुढे पोहायला लागल्या, तेव्हा त्या बोटांनी मोजून शिवत राहिल्या. साडेपाचला शेवटचा दोरा तोडला आणि कारखान्याने टाळ्या वाजवल्या. नणंद बिनग्लूटेनचा केक घेऊन हजरच होती. केक मध्ये खचला होता, विहिरीसारखा.

"बघितलंत?" नणंद केकपेक्षा जास्त फुगली होती. "एक आठवडा खळ बंद केली आणि ही कशी टुणटुणीत झाली!"

"अभिनंदन, मावशी," जावई म्हणाला. "मनावर घेतलं की होतं."

राणीसरकारांनी टेबलाला धरून ठेवलं होतं, ते कुणाला दिसलं नाही. त्या दोघांकडे बघून गोड हसल्या. "टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं. आता बुधवारी दुपारी घरी या. उरलेलं बघायला."

"उरलेलं काय?" नणंदेने विचारलं.

"ये तर खरी."

जावई म्हणाला, "नक्की." म्हणजे येणार नाही. मंगळवारी राणीसरकार कामावर येऊन कशाबशा दोन तास बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाक उचलून मागच्या अंगणात ठेवला गेला, मोडक्या पुठ्ठ्यांशेजारी.

बुधवारी दुपारी नणंदेने बेल वाजवली. दार भावाने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. खोलीचे पडदे ओढलेले होते, फटींना टॉवेल लावले होते. नणंद पाव पुढे धरून आत गेली आणि दारातच थबकली.

वहिनी खाटेवर होती. झोपली नव्हती. डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं, पांघरुणातून बाहेर आलेला हात जिथे पडला तिथेच पडलेला. भाऊ भाताची पेज चमच्याने भरवत होता आणि प्रत्येक चमच्यानंतर थांबत होता, कारण गिळायलाही तिला दम घ्यावा लागत होता.

"वहिनी..." नणंदेच्या तोंडून निघालं, आणि तो तिचा नेहमीचा आवाज होता. खाटेवरचं अंग चटका बसल्यासारखं आकसलं.

मग नणंद बसली. पाव मांडीवर ठेवून, तोंडातून चकार शब्द न काढता, एक तास. तिच्या आयुष्यातला एवढा मोठा गप्प बसण्याचा काळ कुणाच्या आठवणीत नव्हता. राणीसरकारांनी एकदा डोळे किलकिले केले, तर समोर ती. गालांवरून पाणी ओघळतंय आणि ते पुसायचंही तिला सुचत नाहीये. राणीसरकारांना तिची दया आली. बोलायचं बळ नव्हतं. त्यांनी दोन बोटं हलवली. नणंदेने ती हातात घेतली, आणि पहिल्यांदाच दाबली नाहीत.

जायला उठताना तिने भावाला दारापाशी कुजबुजत विचारलं, "हे असं... दर वेळी?"

"जास्त केलं की दर वेळी."

"मग मला कधी बोलावलं का नाहीस?"

"तू कधी गप्प बसली असतीस का?" भाऊ म्हणाला.

राणीसरकार उठून कामावर गेल्या त्याला नऊ दिवस लागले. जिन्यात दोनदा बसून त्या कारखान्याच्या दारात पोचल्या. राजीनामा चार ओळींचा लिहून आणला होता, पर्समध्ये घडी करून. आत पाऊल टाकलं तर ओळखीचा वास आला. शेगडीवर पातेलं होतं, पातेल्यात मैद्याची खळ होती. दाबयंत्रामागे बाक होता. आणि बाकावर, लोकरीचं काहीतरी विणत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नणंद बसली होती.

"आलीस?" ती हळू आवाजात म्हणाली. हळू म्हणजे तिच्या मानाने. खिडकीच्या काचा हलल्या नाहीत, इतकंच. "बस, बस. नाही, झोप. हे घे, तुझी जागा गरम करून ठेवलीये."

"तू इथे काय करतेस?"

"गुरुवारपासून येतेय. बाक अंगणात होता, तिथे जाऊन बसले. हा म्हणाला, ताई, उठा. मी म्हटलं, उचल." तिने विणायच्या सुईने जावयाकडे दाखवलं. "दोन माणसं लावली, बाक हलेना. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, तर छत्री उघडली. शेवटी तुझ्या काकांनी फोन करून ह्याला सांगितलं, तिच्यासकट आत घे."

कोपऱ्यात पापुद्र्याचं यंत्र खोक्यातच पडलं होतं. जावई टेबलापाशी काहीतरी लिहीत असल्यासारखा दिसत होता. त्याच्यासमोर खणातली डॉक्टरणीची चिठ्ठी उघडी होती, आणि त्याच्या खिशाला आज एकच पेन होतं.

"मावशी," तो वर न बघता म्हणाला, "वाचनालयाची सहा पुस्तकं परत आली. म्हणतात पांढरा गोंद पुन्हा सुटत नाही, पुढच्या दुरुस्तीला पानंच फाटतील, जुन्या पुस्तकांना चालत नाही. तुम्ही... सावकाश बघा."

"सावकाशच बघणार, जावईबापू. दुसरं मला येत नाही."

राणीसरकारांनी पर्स खुंटीला अडकवली. राजीनामा आत राहिला. पुढे त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सुया टोचून ठेवल्या. त्या बाकावर आडव्या झाल्या. लाकूड खरंच गरम होतं. नणंदेने डोळ्यांवर कापडाची पट्टी टाकली, हलक्या हाताने.

"तुला एक सांगू का, वहिनी? रागावू नकोस," ती कानाशी म्हणाली.

"बोल."

"गहू नसेलच मग. मला वाटतं, दूध आहे."

"वीस मिनिटांनी सांग," राणीसरकार म्हणाल्या, आणि डोळे मिटले.