चौदा नंबरचा दगड

"नीट आठव, बाबली. याच्याही वर होता का?"

आगाशेसाहेबांनी काठी खडकाच्या फटीत रोवली आणि वर पाहिलं. बाबलीनेही पाहिलं. वर जांभ्या दगडाचा सडा, उघडा सपाट कातळ, उन्हात तापत होता, आणि तिथे काय आहे हे बाबलीला पक्कं ठाऊक होतं. तिथे जांभा होता. दुसरं काही असायचं कारणच नव्हतं.

"असेल, साहेब," तो म्हणाला. "पलीकडच्या अंगाला बघू या."

असं म्हणायची त्याची ही चार दिवसांतली कितवी तरी वेळ. साहेब साठीच्या पुढे गेलेले, गुडघ्यांनी संप पुकारलेला, आणि हा गृहस्थ त्यांना आचऱ्याच्या खाडीपलीकडल्या डोंगरावर शेळीसारखं हिंडवत होता. काल रात्री जेवताना शेवंतीने, त्याच्या बायकोने, सरळच विचारलं होतं, "त्या म्हाताऱ्याक कित्याक फिरवतास ओ? डोंगरार मरात तो." बाबलीने भात कालवला आणि माशाची आमटी खारट झालीय म्हणून उगाच कुरकुर केली. आमटी काही खारट नव्हती.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची, छप्पन सालची. साहेब तेव्हा सरकारी नोकरीत होते आणि डोंगरांच्या पोटात काय आहे त्याचा नकाशा करत गावोगाव फिरत होते. सामान वाहायला आणि वाट दाखवायला त्यांनी बाबलीला धरलं. बाबली चिरेखाणीवरचा माणूस. जांभ्यावर कुऱ्हाड टाकून आवाजावरून सांगायचा, चिरा निघेल की भुगा होईल. साहेबांना त्याचं मोठं कौतुक. त्याला समजावून सांगायचे, "वरचा जांभा म्हणजे दुधावरची साय, बाबली. खरं दूध खाली आहे. हिमालय जन्मायच्या आधीचे दगड आहेत तुमच्या पायाखाली." बाबलीला वाटायचं, आपण आजवर नुसती साय खरवडत बसलो.

शेवटच्या आठवड्यात साहेब तापाने पडले. डोंगरावर साहेबांनी खालून दाखवलेल्या जागी बाबलीने चुन्याच्या खुणा केलेल्या, पण काही ठिकाणचे दगड आणायचे राहिलेले. साहेब म्हणाले, तू आण. बाबली चौथीपर्यंत शिकलेला, आकडे लिहिता यायचे. त्याने एकेका खुणेवरून दगड फोडून एकेका थैलीत भरला, नंबर घातला, सगळं चोख. आणि खाडी ओलांडून तरीतून, म्हणजे होडीतून, उतरताना, पाय चिखलात टाकता टाकता, एक थैली निसटून खाडीत गेली. नंबर चौदा.

परत डोंगर गाठायचा तर अर्धा दिवस. साहेबांची गाडी तासाभरात सुटणार. बंदरावर दगडांचा ढीग पडला होता. मलबारकडून रिकामं आलेलं गलबत वाटेत कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरतात, आणि इथे माल चढवताना ते फेकून देतात, तो ढीग. बाबलीने विचार केला, दगड तो दगड. एवढ्या दगडांत एकाचं काय? पण माणूस भिडस्त. साहेबांना द्यायचाच तर बरासा द्यावा. पाहुण्याला नारळ देताना आपण सुका, आत वाजणारा खडखडा देतो का? म्हणून त्याने ढीग उपसून चांगला देखणा दगड निवडला. हिरवट, त्यावर डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके. तो दुसऱ्या रिकाम्या थैलीत भरून वर चौदा नंबर घातला. कुठला तरी साधा उचलला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. हे त्याला आता, सात वर्षांनी साहेब तोच दगड शोधत परत आल्यावर, पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि जीव थोडा थोडा होत होता.

दुपारी दोघे एका आसऱ्याच्या खडकाखाली भाकरी खायला बसले. बाबलीने धीर करून विचारलं, "साहेब, त्या एका दगडासाठी एवढा त्रास कशाला? नवीन नकाशा निघतोय का?"

"नकाशा कसला. मी तीन वर्षांमागेच निवृत्त झालो." साहेबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "तो दगड या डोंगरात असेल तर इथल्या सगळ्या डोंगरांची घडण वेगळी मानावी लागेल, असं मी लिहिलं. छापून आलं. मग दोन वेळा माणसं येऊन बघून गेली. त्यांना काही मिळालं नाही. तेव्हापासून म्हणतात, आगाशांनी दगड कुठून तरी आणून आपल्या पेटीत टाकला. मोठेपणासाठी. तोंडावर कोणी बोललं नाही रे. पण माझ्या हाताखाली तयार झालेले लोक पत्राला उत्तर देईनासे झाले."

बाबलीची समजूत अशी, की म्हाताऱ्याला नाद लागलाय, चार दिवस हिंडेल आणि जाईल. त्याने पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला. साहेबांशी बोलताना तो पुस्तकातलं मराठी जपून वापरायचा, ते आता त्याला सोडून गेलं.

"साहेबानू, हंय नाय मिळाचो तो."

"का?"

"तो दगड हयसरलो नाय. तुमची थैली खाडयेत पडली. मियां बंदरावरचो गलबतातलो दगड दुसऱ्या थैलीत भरलंय." आणि मग, थांबता येईना म्हणून, "बरो दिसलो म्हणान घेतलंय. तुमका देवचो म्हणान. माका काय ठाऊक, दगडाक पण गाव आसता."

साहेबांनी हातातला भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला. रागावतील, काठी उगारतील, असं बाबलीला वाटलं. नव्हे, तसं व्हावं असंच त्याला वाटत होतं.

"गलबत कुठलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"मलबारचा."

"मलबार." साहेबांनी मान हलवली. "बरोबर. तिकडे तसाच सापडतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"चूक माझी, साहेबानू. माझा नाव लिवा. काय ती शिक्षा माका होऊ दे."

"तुझी आहेच. तुला मी सोडत नाही." साहेबांचा आवाज पहिल्यांदाच करडा झाला. "पण चौदा नंबरच्या जागेवर मी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि लिहिताना लिहिलं की मी स्वतः पाहिलं. तू एका थैलीत खोटं भरलंस, बाबली. मी ते छापलं."

बाबलीला वाटलं, यापेक्षा काठी बरी होती.

"पहिल्या दिवशी दाखवलीस तीच खरी जागा?"

"तीच. चार दिस मी तुमका उगाच..."

"मग जा, आणि तिथला दगड फोडून आण. मला आता चढवणार नाही."

"मी? एकटो?"

"दुसरं कोण आहे इथे?"

बाबली गेला. उतरता रस्ता नव्हता, तरी तो पळत गेल्यासारखा गेला. जागेवर पोचला, एक टवका काढला, तो मनास येईना म्हणून दुसरा काढला, मग आपण पुन्हा बरासा निवडतोय हे लक्षात येऊन दचकला आणि पहिलाच उचलला. राखाडी, फिकट पट्ट्यांचा, या डोंगरात पावलोपावली दिसणारा. त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं.

साहेबांनी तो भिंगातून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. "साधाच आहे," ते म्हणाले. मग वहीतून एक चिठ्ठी फाडली, वर नंबर, गाव आणि तारीख घातली, आणि पेन्सिलीसकट बाबलीपुढे धरली.

"खाली गोळा करणाऱ्याचं नाव येतं. तुझं तू लिही."

बाबलीने कागद गुडघ्यावर घेतला. आपलं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं. अक्षर रेषेखाली घसरलं. सात वर्षांपूर्वी हे असं कोणी लिहायला लावलं असतं तर त्या ढिगाला हात लावायची आपली छाती झाली नसती, असं त्याला वाटलं, आणि दोष दुसऱ्यावर ढकलायची आपली खोड अजून गेली नाही हेही कळलं.

साहेबांनी चिठ्ठी दगडाबरोबर थैलीत घातली आणि नाडी आवळून गाठ मारली. तिन्हीसांजेला दोघे तरीत बसले. बाबलीने नेहमीप्रमाणे थैलीसाठी हात पुढे केला. साहेबांनी त्या हाताचा आधार घेऊन नीट बैठक जमवली, आणि खाडी ओलांडून होईपर्यंत थैली आपल्याच मांडीवर धरून ठेवली.