परतीचा गूळ

कस्तुराने पदराखालची गुळाची भेली या हातातून त्या हातात घेतली आणि जळगावच्या मेहरूण भागातल्या त्या बंगल्याची बेल पुन्हा दाबली. भेली लहानच होती, पण दवाखान्यापासून पायी आणल्यामुळे जड झाली होती. कालपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. जेवणाला ठेवलेल्या पैशांचा तिने गूळ घेतला होता.

सहा महिने होत आले त्या गोष्टीला. शिरपूरच्या रस्त्यावर या घरच्या तरुणशेठची गाडी तिच्या नवऱ्याच्या, सुकलालच्या सायकलवर आदळली. सुकलाल उडून पडला, उठला, कपडे झटकून उभा राहिला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तरुणशेठ पळून गेला नाही, हेही सांगायला हवं. तो सुकलालच्या गावात आला, पंचांसमोर मुकाट्याने बसला. पंचांतल्या सुपडूआबांनी भेली फोडली आणि दोघांनी एकाच भेलीतला गूळ खाल्ला. गूळ खाल्ला की भांडण मिटलं, ही त्या डोंगरपायथ्याच्या गावाची रीत. रक्त बाहेर आलं असतं तर पंचांनी विचार केला असता. आतल्या आत वाहणाऱ्या रक्ताचं त्यांना काय कळणार! आणि पोटात कळ येत असताना सुकलालही ‘काही नाही, काही नाही’ म्हणत गूळ चघळत बसला.

दोन दिवसांत पोट दगडासारखं झालं. आत प्लीहा फुटली होती, ती काढून टाकली. मग आतडं चिकटलं म्हणून आता जळगावात आणून दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं. यापुढे ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओझं उचलण्याखेरीज सुकलालला दुसरं काही येत नव्हतं.

प्रेमराज वकील भला माणूस. भरपाई विमा कंपनी देते, शेठच्या खिशातून काही जात नाही, हे त्याने खाटेपाशी बसून पुन्हा पुन्हा समजावलं. अर्जाची मुदत संपत आली होती. पण सुकलाल अंगठा देईना.

“मी गूळ खादा शे,” तो म्हणाला. “पहिले तो परत कर.”

परत करायचीही रीत होती. तेवढाच गूळ समोरच्याच्या दारात नेऊन द्यायचा. त्याने तो न खाता बाजूला ठेवला की भांडण पुन्हा उघडं. दोन्ही घरच्यांनी तोही खाल्ला, तर मात्र ते कायमचं मिटलं. पण परतीचा गूळ कधी कोणी खात नाही, त्यामुळे ती भीती कोणाच्या मनात येत नाही. कस्तुराच्याही आली नव्हती.

दार उघडलं ते तरुणशेठच्या आईने, चंदनबाईंनी.

“कोण गं तू?”

“सुकलालनी बायको. शिरपूरकडली.”

“तो सायकलवाला? ये, आत ये. तरुण दुकानावर गेलाय. त्याने सांगितलं होतं मला. देवाची कृपा, काहीच लागलं नाही.”

कस्तुरा उंबऱ्याबाहेरच थांबली. वाटभर घोकलेलं वाक्य तिने एका दमात म्हटलं.

“अक्का, हाऊ तुमना गूळ. परत लई उनू.”

“परत कशाला गं?” चंदनबाई हसल्या. कोणी गोड घेऊन आलं की आधी घरच्याने चाखायचं आणि मग आणणाऱ्याचं तोंड गोड करायचं, हे त्यांच्या घरचं वळण. त्यांनी भेलीचा कोपरा मोडून तोंडात टाकलासुद्धा.

“नका खाऊ, अक्का. मना मालक दवाखानामा शेतस.”

“दवाखान्यात?” चंदनबाईंचं चघळणं थांबलं. त्यांनी आता कुठे कस्तुराकडे नीट पाहिलं. “अगं, चेहरा बघ तुझा. जेवलीस का काही?”

त्यांनी मोठा तुकडा मोडला आणि तिच्या ओठांशी धरला. तरुणला आजच पाठवते, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. गुळाचा वास कस्तुराच्या नाकात शिरला. तोंड मिटून ठेवायचं, एवढंच काम होतं.

ती दवाखान्यात परतली तेव्हा वकील शाईचा पॅड उघडून बसला होता. सुकलालने हात आधीच चादरीवर काढून ठेवला होता.

“गूळ लिधा का त्यासनी?”

“लिधा.”

“खादा तर नही ना?”

कस्तुराने सलाईनची नळी उगीचच सरळ केली.

“तिनी खादा,” ती म्हणाली.

“खाऊ दे. आपलाकडथून कोन्ही नही ना खादा?”

ती खाटेच्या पायाशी खाली बसली. खोटं बोलता आलं असतं, आणि ते पकडायला इथे कोणी नव्हतं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आज सुरुवात करायचं बळ तिच्यात नव्हतं.

“माले भूक लागेल व्हती,” ती म्हणाली.

वकिलाने दोघांकडे पाहिलं. त्याला काहीच समजलं नाही, म्हणून त्याने कागद थोडा आणखी पुढे सरकवला.

सुकलाल रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने नुसता अंगठा मुठीत घेतला आणि हात चादरीखाली ओढला. वॉर्डात जेवणाची गाडी येऊन गेली. मग त्याने हळूच विचारलं,

“पोट तरी भरनं का?”