सिस्टरच्या अंगणातला आवाज

"अजून जोरात," सिस्टर खिडकीतून म्हणाली. "एवढ्यानं काय होतंय? मला तर पेंग येतेय."

वेल्डर हसला आणि त्याने पत्र्यावर हातोडा घातला. दिवस बराच वर आला होता. सिस्टर रात्रपाळीवरून नुकतीच परतली होती, अंगावर दवाखान्याचेच कपडे. अंगणात तिवईवर कंपनीचा माइक उभा होता, डोक्यावर स्पंजाची गोल टोपी घालून. सासूबाईंनी त्याच्या कानाशी रेडिओ आणून ठेवला होता. दुकानदाराने अडगळीतला जनरेटर चालू केला होता.

हे या गल्लीत घडत होतं. जिथे वेल्डर दुपार कलल्याशिवाय दुकान उघडत नाही. जिथे पोरं सायकलवरून उतरून कोपरा ओलांडतात. एकदा नवा फेरीवाला ओरडत आला, तर त्याला बाहीला धरून बाहेर नेलं होतं. "बाबा, इथं नाही. सिस्टर झोपलीय." रात्रपाळी कुणालाच नको असते. तिने एकदा घेतली आणि ती तिच्याच गळ्यात राहिली, अर्धं आयुष्य.

मग हा गोंगाट कशासाठी?

कंपनीच्या अहवालातल्या एका वाक्यासाठी: *प्रकल्पाच्या लगत वस्ती नाही.*

गल्ली संपते तिथे वीज उपकेंद्र आहे. त्याच्या शेजारी कंपनी बॅटऱ्यांच्या रांगा बसवणार होती, एकेक बॅटरी ट्रकच्या डब्याएवढी. दिवसा उन्हाची वीज साठवायची, रात्री द्यायची. याला कुणाचाच विरोध नव्हता. बाळंतपण चालू असताना दिवे गेले म्हणून सिस्टरने दातात टॉर्च धरून नाळ कापलेली आहे. तिचं म्हणणं एवढंच होतं, की रांगा उपकेंद्राच्या पलीकडे बसवा, तिकडे नुसता माळ आहे. अलीकडे बसवल्या तर त्यांचे थंड करणारे पंखे दिवसभर तिच्या उशाशी गरगरणार.

"पलीकडे केबल लांब पडते," कंपनी म्हणाली. आणि अलीकडे तर वस्तीच नाही.

तक्रार केल्यावर एक तंत्रज्ञ येऊन माइक लावून गेला. "आठवडाभर राहील. नेहमीसारखं वागा." बास, एवढंच बोलला.

"हे यंत्र माणसं आहेत का ते ऐकणार," वेल्डरने अर्थ लावला. "मग ऐकवू या की."

सिस्टरने आपली आठवड्याची झोप देऊन टाकली. वॉर्डात उभ्या उभ्या डुलक्या घेतल्या.

तंत्रज्ञ माइक न्यायला आला तेव्हाही जनरेटर चालूच होता. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. "नीट आला का रे आवाज?"

"छान आलाय, आजी." वायर गुंडाळताना तो हसत होता.

"गुणी मुलगा आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुधारित अहवाल: *सदर ठिकाणी मुळातच आवाज जास्त असल्याने प्रस्तावित पंख्यांमुळे रहिवाशांना जाणवण्याजोगा फरक पडणार नाही.*

रहिवासी. म्हणजे आता ते होते. पण असून काही उपयोग उरला नाही, तेव्हाच कागदावर आले.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये ठेवली, भर सकाळी. सिस्टरने संध्याकाळ मागितली होती. कार्यालयाची वेळ संपते, असं उत्तर मिळालं. ती ड्यूटीवरून थेट आली. टेबलामागे अधिकारी आणि कंपनीचा इंजिनीअर बसले होते.

"तो आवाज आमचा नव्हता," ती म्हणाली.

"मग कुणाचा होता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"म्हणजे आमचाच. पण खोटा."

"यंत्राला खरं-खोटं कळत नाही हो," इंजिनीअर म्हणाला. "त्याला आवाज कळतो."

वेल्डर उठला. "हातोडा माझा होता. लिहून घ्या. एरवी त्या वेळी माझं दुकान बंद असतं."

"का?"

"का म्हणजे? ती झोपलेली असते."

"पुन्हा मोजा," सिस्टर म्हणाली. "आठवडा नको, एक सकाळ मोजा."

"ताई, मोजणी नियमानुसार झालीय. उलट तुमचाच सहभाग होता त्यात."

"तुमच्या माणसानं सांगायचं होतं. तो ऐकत होता. हसत होता."

"नेहमीसारखं वागा, असं सांगितलं होतं," इंजिनीअर म्हणाला.

"नेहमीसारखं वागलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, इथं कुणी राहतच नाही." ती थांबली. "म्हणालाच होतात."

इंजिनीअरने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"दिवसा माझी झोप झाली नाही, तर रात्री माझा हात चुकेल, साहेब. कुणाच्या तरी बाळावर चुकेल. तेही नियमानुसारच म्हणायचं का?"

"नोंद घेतो," अधिकारी म्हणाला. त्याने नोंद घेतली आणि निर्णय वाचायला सुरुवात केली. निर्णय टाइप करूनच आणलेला होता.

हॉल उसळला. नोंद कसली घेता, आधीच लिहिलंय की. वेल्डरचा आवाज सगळ्यांच्या वर होता, रोज लोखंडाशी बोलणारा आवाज. अधिकाऱ्याने माइक तोंडाजवळ ओढला आणि वाचत राहिला. गट क्रमांक. क्षमता. कुंपणाची उंची.

सिस्टर खाली बसली होती. तिची हनुवटी छातीवर टेकली. सासूबाईंनी खुर्ची सरकवून खांदा तिच्या डोक्याखाली दिला.

वेल्डरने ते पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्याच्यामागचे गप्प झाले, मग त्यांच्यामागचे. तो टेबलाकडे चालत गेला. टेबल उलथणार असं वाटून दारातला शिपाई पुढे आला.

वेल्डर वाकला. "साहेब, माइक बंद करा. हळू वाचा. ती झोपलीय."

अधिकाऱ्याने मान उचलून पाहिलं. मग माइकचं बटण दाबलं.

उरलेला निर्णय त्याने दबक्या आवाजात वाचला. जागा तीच. पंख्यांची दिशा तीच. ऐकू यावं म्हणून लोक पुढे झुकले होते, कुणी खोकत नव्हतं. शेवटचं पान आलं तेव्हा कागद वाजू नये म्हणून त्याने ते दोन बोटांत धरून अलगद उलटलं.